फुली मारलेलं दार

मावशीला एका गोष्टीचा भारी अभिमान होता, आणि ती गोष्ट म्हणजे तिनं शिकवलेलं लपणं. हसू नका. परक्या मुलुखात, राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेली असताना लपता येणं ही काय चीज आहे, हे ज्याला कधी लपावं लागलं नाही त्याला नाही कळायचं.

ती लाँड्रीत कामाला होती. नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीच्या अगदी तळाशी ती लाँड्री, आणि तिचं निम्मं काम तळघरात. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी तिथं यायच्या, धुवून, वाळवून, कडक इस्त्री करून परत जायच्या. काम करणारे सगळे दूरदेशीचे. मालकानं त्यांच्या परवान्यांची मुदत खुशाल संपू दिली होती, कारण मुदत संपलेला माणूस आवाज चढवत नाही. चालू परवाना उरला होता एकट्या मावशीचा. म्हणून बाजारहाट तिनं करायचा, औषधपाणी तिनं आणायचं, आणि सगळ्यांच्या वाट्याची काळजीही तिनंच करायची. त्यात तिची सख्खी भाची तिथंच इस्त्रीला. "तुझ्या लेकीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," असं बहिणीला तोंड भरून सांगून मावशीनं तिला आणलं होतं, आणि तेव्हापासून त्या शब्दानं मावशीची झोप उडवली होती.

गेल्या वर्षी जवळच्या एका शिवणकारखान्यावर धाड पडली. जीप आली, आणि जीपवरचा भोंगा कसा लाडीगोडीनं म्हणाला, "घाबरू नका, बाहेर या, तुमच्या भल्यासाठीच आलोय." भोळी माणसं बाहेर आली. त्यांचं भलं असं झालं, की पुन्हा कुणी ती गल्लीत पाहिली नाहीत.

त्या दिवसापासून मावशीनं लाँड्रीत कवायत सुरू केली. बादलीच्या बुडावर तीन ठोके पडले, की हातातलं काम सोडायचं. आधी इस्त्री उभी करून ठेवायची, कारण आडवी राहिली तर चादर जळते आणि वासानं सगळी बोंब होते. फोन बंद करायचा, चपला हातात घ्यायच्या, आणि मळक्या कपड्यांच्या खोलीमागच्या जुन्या कोळशाच्या कोठीत शिरायचं. कोठीच्या लोखंडी दारालाच चादरींचं कपाट ठोकलेलं होतं. दार ओढून आतून कडी घातली, की बाहेरून बघणाऱ्याला नुसतं कपाट दिसायचं. सुरुवातीला काय गोंधळ! एक दुसऱ्याच्या पायावर, दुसरा तिसऱ्याच्या पाठीवर, आणि बंब सांभाळणारे मामा तर आत शिरताच असे शिंकायचे की भिंत हादरायची. त्यांचं नावच शिंक्यामामा पडलं. पण मावशी हटली नाही. पुढं पुढं तर डोळ्याचं पातं लवतंय तोवर लाँड्रीत चिटपाखरू उरत नसे.

शेवटचा नियम सगळ्यांत कडक होता. "मी स्वतः येऊन हाका मारल्या तरी दार उघडायचं नाही."

"तुझ्यासाठीसुद्धा नाही?" भाचीनं विचारलं होतं.

"माझ्यासाठी तर मुळीच नाही. माझ्या मानगुटीवर कुणाचा हात असेल, ते तुम्हाला आतून दिसणार आहे का?"

"मग बाहेर यायचं कधी?"

"ड्रायर फिरल्याचा आवाज आला की. मी काम सुरू केलं म्हणजे समजायचं, बला टळली."

झाली की नाही चोख व्यवस्था? वीज गेली तर काय करायचं, हे मात्र त्या शहाण्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दुपारी मावशी बाजारात होती. कांदे निवडत होती, आणि कांदेवाला एकेक पोतं उचलून हातगाडीवर फेकत होता. मावशी म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक उभं आहे ना समोर!"

"गिऱ्हाईक कसलं घेऊन बसलात? ऐकलं नाही का? वरचा बांध फुटलाय! पाणी निघालंय तिकडून. नदीकाठच्या गल्ल्या रिकाम्या करताहेत. पळा!"

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पिशवी तिथंच टाकली आणि धावत सुटली. दुकानांची शटरं धडाधड खाली येत होती, माणसं कडेवर पोरं नि डोक्यावर गाद्या घेऊन चढावाकडं निघाली होती, आणि ही एकटीच उताराला. कुणीतरी ओरडलं, "बाई, उलट्या कुठं चाललात?" तिला उत्तर द्यायला दम होता कुठं! मनातल्या मनात मात्र ती घोकत होती, गेले असतील, भोंगा ऐकून गेले असतील, पोर शहाणी आहे, गेली असेल.

लाँड्रीच्या दारावर खडूची मोठी पांढरी फुली होती. ती तिनं शेजारच्या दारांवरही पाहिली होती, आणि तिचा अर्थ लहान पोरालाही कळला असता: इथं बघून झालं, आत कुणी नाही.

"हुश्श! गेले बाई सगळे," ती म्हणाली, आणि तिथंच गुडघ्यांवर हात ठेवून दोन श्वास घेतले. मग सहज आत डोकावली. दिवे बंद होते. इस्त्रीच्या लांब टेबलावर साऱ्या इस्त्र्या एका ओळीत उभ्या होत्या. जिन्याच्या तोंडाशी बादली पालथी पडली होती.

पुराला भिऊन पळणारा माणूस कधी इस्त्री उभी करून ठेवतो का?

"अगं बाई गं!" मावशीनं कपाळावर हात मारला. आपल्याच हातानं धोंडा पाडला होता तिनं, तोही भाचीच्या पायावर. दुधानं तोंड पोळलेल्यांना तिनं ताक फुंकून प्यायला शिकवलं होतं, आणि आज ते पाणीसुद्धा फुंकत बसले होते.

गल्लीच्या वरच्या टोकाला जीप वळत होती. मावशी धावली. कशी धावली ते तिचं तिला ठाऊक. जीपच्या पुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. चाकं किंचाळली.

"मरायचंय का, बाई?" खिडकीतून एक गोल चेहरा बाहेर आला. खाकी कपडे, खाकी टोपी, आणि आवाज सकाळपासून ओरडून ओरडून बसलेला. आपत्ती पथकाचा माणूस होता तो. टपावर तो भला थोरला भोंगा.

मावशी पेचात पडली. सांगावं, तर आपल्याच हातानं पोरीला खाकीच्या ताब्यात द्यायचं. न सांगावं, तर नदी नेते. आयुष्यभर तिनं पुष्कळ अवघड गोष्टी केल्या होत्या, पण एवढं जड वाक्य तिच्या जिभेवर कधी आलं नव्हतं.

"लाँड्रीत माणसं आहेत," ती म्हणाली.

"नाहीत. मी स्वतः जाऊन पाहिलं. तळघरसुद्धा पाहिलं."

"तुम्ही कपाट पाहिलंत. माणसं कपाटाच्या मागं आहेत."

तो बघतच राहिला. "कपाटाच्या मागं? अहो, मी घसा फोडून ओरडत होतो की, घाबरू नका, बाहेर या..."

"गेल्या वर्षी शिवणकारखान्यापुढं हेच ओरडत होतात! शब्दाला शब्द!"

"तो मी नव्हतो," तो पटकन म्हणाला. मग जरा ओशाळला. "पण भोंगा हाच होता. धाडवाल्यांनी आमच्याकडून नेला होता." त्यानं टोपी मागं सारली. "बाई, आज वरून हुकूम आहे. कुणाला कागद विचारायचे नाहीत, कुणाला धरायचं नाही, नुसतं बाहेर काढायचं. हेही सांगत होतोच मी."

"त्यांना पहिला शब्दसुद्धा ऐकू आला नसेल. बादली वाजली की त्यांचे कान बंद होतात. चला!"

आणि तो आला हं! टाळाटाळ केली नाही. त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ.

तळघरात पाणी आधीच येऊन बसलं होतं. नदी दारातून येईल म्हणून सगळे दाराकडं बघत होते, आणि ती आली मोरीतून. जमिनीवरच्या जाळ्यांतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. घोटे बुडाले. चादरींची गाठोडी पाण्यावर डुलत होती.

मावशीनं कपाटावर थाप मारली. "पोरी! दार उघड! पूर आलाय! मी आहे, मावशी!"

आत शुकशुकाट.

"अगं खरंच पूर आहे! शपथ घेते!"

काही नाही. मावशीनं विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, भाचीच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, बहिणीचं नाव घेतलं. कपाट आपलं कपाटच राहिलं.

खाकीवाला हळूच म्हणाला, "बाई, नक्की आहेत ना आत? नाहीतर आपण रिकाम्या कपाटाशी..."

"आऽऽक्छी!" कपाट शिंकलं.

"मामा!" मावशी ओरडली. "मामा, तुम्ही तरी ऐका!"

"बाहेर या, घाबरू नका, आम्ही मदतीला..." खाकीवाल्यानं उत्साहानं सुरुवात केली, आणि मावशीनं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "गप्प बस, मेल्या! या बोलण्यानंच तर ते आत बसलेत!" अहोजाहो केव्हा गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

तो बिचारा मागं सरकला, धावत आला आणि दाराला खांदा दिला. दार लोखंडी. दाराचं काही वाकडं झालं नाही, खांद्याचं झालं. तो खांदा चोळत पाण्यात बसला. पाणी आता गुडघ्याला लागलं होतं.

आतून पहिल्यांदा आवाज आला. बारीक, रडवेला. "मावशी, आतही पाणी येतंय गं. पण तुझ्याबरोबर कुणीतरी आहे. मला आवाज आला. त्यानं तुला धरलंय ना? तू काळजी करू नकोस. आम्ही नाही उघडणार."

आता सांगा, यावर काय बोलायचं? शिष्य असावा तर असा, आणि नसावा तर असाच! मावशीला भडभडून आलं. तिला एकाच वेळी त्या पोरीचे मुके घ्यावेसे वाटले आणि कानाखाली एक द्यावीशी वाटली. आपण शिकवलेलं पोरीनं इतकं मनापासून धरलं होतं, की आता आपल्यालाच ते सुटेना.

विचार कर, विचार कर. ती स्वतःलाच दटावत होती. धाड घालणारा माणूस काय काय करेल? गोड बोलेल. धमकी देईल. मावशीच्या मानेवर हात ठेवेल. टोपीसुद्धा काढून दाखवेल. मग असं काय आहे, जे तो मेला तरी करणार नाही?

ती वळली. "किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"जीपची."

"जीपची?" त्यानं खिसा घट्ट धरला. "बाई, ती सरकारी गाडी आहे! शिवाय अजून गल्ल्या राहिल्यात. आणि... आणि मला पोहता येत नाही."

"पुराच्या कामाला आलास आणि पोहता येत नाही?"

"मला भोंग्याच्या कामाला घेतलंय!"

"मग तर फारच छान. दे किल्ली."

त्यानं मावशीकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं. जिना मोकळा होता. वाटलं असतं तर तो पाच ढांगांत वर जाऊन, गाडी काढून, चढावावर गेला असता. घरी त्याची वाट बघणारंही कुणीतरी असेलच की. त्यानं खिशात हात घातला आणि किल्ली मावशीच्या तळहातावर ठेवली.

मावशी कपाटाच्या फळीवर पाय देऊन चढली. दाराच्या वर एक हवेचा झरोका होता, जेमतेम मूठ जाईल एवढा. "पोरी, हात वर कर. काय देतेय ते बघ. हा जो माणूस आहे ना, त्याच्या गाडीची ही किल्ली आहे. दुसरी गाडी नाही, दुसरा माणूस नाही. तुम्ही किल्ली दिल्याशिवाय तो इथून हलू शकत नाही. आपण बुडलो तर तोही बुडेल, आणि त्याला तर पोहतासुद्धा येत नाही! धाड घालणाऱ्यानं कधी कुणाच्या हातात आपली किल्ली दिली आहे का?"

झरोक्यातून भिजलेली बोटं वर आली. किल्ली गेली. आत कुजबुज झाली. मामा एकदा शिंकले. खाकीवाला डोळे मिटून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

खट्!

कडीचा तो आवाज! मावशी फळीवरून जवळजवळ पडलीच. पण दार उघडेना, बाहेरच्या पाण्यानं ते दाबून धरलं होतं. "ओढा!" मावशी किंचाळली. बाहेरून ही दोघं ओढताहेत, आतून सगळे रेटताहेत, फळ्यांवरच्या इस्त्रीच्या चादरी धबाधब पाण्यात पडताहेत, आणि एकदाचं ते दार करकरत फाकलं. माणसं बाहेर आली ती एकमेकांचे हात धरून, कोळशानं काळी झालेली, एका हातात चपला. हो, चपला अजून हातातच होत्या! भाची सगळ्यांत शेवटी आली, कारण शेवटच्यानं कडी बघायची हाही नियम.

"मावशी, तूच म्हणाली होतीस..."

"आग लागो माझ्या नियमाला! चल आधी!"

जीपमध्ये किती माणसं मावतात, याचं उत्तर त्या दिवशी कायमचं बदललं. आत मांडीवर मांडी, मागं लटकून, टपावर भोंग्याला मिठी मारून. खाकीवाल्यानं किल्लीसाठी हात पुढं केला. भाचीनं मूठ मागं घेतली.

"किल्ली मीच लावणार," ती म्हणाली. "आणि पोचल्यावर माझ्याकडंच राहील."

"लाव बाई, लाव, पण लाव!"

खाकीवाला चाकाशी बसला आणि तिनं हात लांबवून किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि निघाली. मागं वळून पाहिलं तर लाँड्रीच्या दारातून पाणी आत शिरत होतं, आणि फुलीचा खालचा अर्धा भाग पुसला गेला होता. टपावरच्या दोघी आनंदानं ओरडायला लागल्या. मग सगळेच ओरडले. इतके दिवस दबक्या आवाजात बोलणारी ती माणसं भर रस्त्यातून गळा काढून ओरडत चालली होती, आणि त्यांना कुणी गप्प करत नव्हतं.

आसरा होता चढावावरच्या शाळेत. दारात एक पोलीस उभा. ही कोळशाची वरात बघून त्यानं हात आडवा घातला. "कोण ही माणसं? कागद?"

झालं. सगळ्यांची पाचावर धारण बसली. भाचीनं मावशीचा पदर धरावा तसा तिच्या कोटाचा कोपरा धरला.

खाकीवाला पुढं झाला. बोलायला गेला, तर घशातून नुसती हवा. आवाज पार गेला होता. त्यानं एक बोट वर केलं, म्हणजे थांब. तो जीपकडं गेला, माईक काढला, भोंगा पोलिसाच्या तोंडासमोर वळवला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून बोलला:

"आज कुणालाही! कागद! विचारले जाणार नाहीत!"

अख्खी शाळा दणाणली. खिडक्यांत माणसं आली. पोलिसानं कानांत बोटं घातली आणि पाय बाजूला घेतले. "कळलं की राव! एवढं कशाला ओरडायचं?"

आत मोठ्या वर्गात कोरडे कपडे मिळाले, गरम चहा मिळाला. बाकांवर सगळे ओळीनं बसले, मध्ये खाकीवाला, त्याच्या एका बाजूला मामा आणि दुसऱ्या बाजूला मुठीत किल्ली धरून भाची. मावशी उभी राहून सगळ्यांकडं बघत होती. तिला वाटलं, आता बहिणीला फोन लावावा आणि काहीही न सांगता नुसतं रडावं.

तेवढ्यात स्वयंपाक्यानं जेवण तयार झालं म्हणून पातेल्यावर डाव हाणला. ठण्, ठण्, ठण्.

आणि बाक रिकामे झाले.

डोळ्याचं पातं लवायच्या आत! चहाचे पेले जागच्या जागी, माणसं बाकांखाली, चपला हातात. पोलीस दारातून आत आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. मावशीनं वाकून पाहिलं, तर मामांच्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन, खाकीवालाही बाकाखाली बसलेला.

"तू कशाला लपलास रे?"

"सगळे लपले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं, आपल्याला कुणी धरायला आलं."

आपल्याला म्हणाला. मावशीला हसू फुटलं ते थांबेना, आणि हसता हसताच डोळ्यांना धार लागली. हळूहळू एकेक डोकं बाकाखालून वर आलं, कुठलाही ड्रायर फिरला नसताना.

पण वर्गाच्या दुसऱ्या टोकाला अजून एक बाक रिकामा होता. त्याच्याखालून दोन अनोळखी चेहरे बघत होते, हातात चपला. अंगावरच्या कपड्यांना पीठ लागलेलं.

मावशीचं हसू थांबलं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"तुमच्या भाचीनं," त्यातला एक म्हणाला. "आम्ही बेकरीतले. आम्ही दोघं पाव पोचवायला बाहेर गेलो होतो, म्हणून इथं आहोत. बाकीचे आतच असतील. भट्टीच्या मागं. आम्ही कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नाही, असा नियम आहे ना?"

खाकीवाला बाकाखालून बाहेर आला. तोंडाचा रंग उडाला होता. "बेकरीच्या दारावर फुली मारली मी," तो म्हणाला. "सबंध गल्लीतच मारल्या."

बेकरी गल्लीच्या मध्यावर होती. पाणी अजून तिथवर चढलं नसेल. नसावं.

मावशीनं स्वयंपाक्याच्या हातातलं पातेलं घेतलं, डाव घेतला. "ऊठ. फुल्या पुसायच्या आहेत." बेकरीवाल्या दोघांना म्हणाली, "चला, भट्टी दाखवा. आणि बाहेर यायची तुमची खूण काय ठरलीय, ती वाटेत सांगा."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "ती ठरलीच नाही."

"आमची ठरली होती, पण विजेवर चालणारी," मावशी म्हणाली.

पोलीस मध्येच म्हणाला, "मी पण येतो. माझ्याकडं दोर आहे."

"ये. टोपी इथं ठेव."

खाकीवाला भाचीसमोर जाऊन उभा राहिला. काही मागितलं नाही त्यानं. भाचीनं मूठ उघडली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"भट्टीवाल्यांनाही हीच द्या," ती म्हणाली. "आणि मला सोडून जाऊ नका, त्या सगळ्यांना माझा आवाज ओळखीचा आहे."

मावशीनं बहिणीला दिलेला शब्द आठवला. पोरीच्या केसांतला कोळसा तिनं बोटांनी जरासा झटकला, आणि तिला जीपमध्ये आपल्या शेजारी बसवून घेतलं.